रोलरचं पूजन होतं, कूलिंग टॉवरकडे कोण बघतं? बंद हंगामातल्या या कामावर ठरतो आपल्या उसाचा नंबर

सोलापूर जिल्ह्यात जून-जुलै आला की मोबाईलवर फोटो यायला लागतात. अमुक कारखान्याचं रोलर पूजन, तमुक कारखान्याचं रोलर पूजन. दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन. मग गव्हाणीत मोळी. आम्ही बातमीदार या तिन्ही कार्यक्रमांना जातो, फोटो काढतो, कोण कोण उपस्थित होतं त्याची यादी टाकतो. इतक्या वर्षांत मला एकदाही फोन आला नाही की या, आज आमच्या कूलिंग टॉवरची साफसफाई पूर्ण झाली.

कारण ते काम दिखाऊ नाही. चिखल, शेवाळ आणि खार काढायचं काम आहे ते. पण मी बातमीदाराबरोबर ऊस उत्पादकही आहे, आणि ऊस उत्पादक म्हणून सांगतो, रोलरइतकंच ते काम महत्त्वाचं आहे. ते उन्हाळ्यात नीट झालं नाही तर त्याचे पैसे जानेवारीत आपण भरतो. आपला ऊस गाडीअड्ड्यावर उभा राहतो, वजन घटतं, पुढच्याची तोड लांबते.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या उसाच्या दोन ट्रॉल्या एका कारखान्याच्या अड्ड्यावर दोन रात्री उभ्या होत्या. कारखान्याचं नाव घेत नाही, कारण हे एकाच कारखान्यात घडतं असं नाही. मी चिटबॉयला विचारलं, तो म्हणाला, "मोळी चालू हाय पण आत व्हॅक्यूम मिळंना." मला तेव्हा काही कळलं नाही. गावात आमचे एक तात्या आहेत, तीस वर्षं पॅनमन म्हणून नोकरी करून घरी बसलेले. त्यांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "आरं, पाणी गार होत नसंल. टॉवर धुतला नसंल कुणी." तेव्हापासून मी या विषयाकडे लक्ष द्यायला लागलो.

टॉवर करतो काय?

आपल्या घरचा माठ आठवा. माठातून थोडं पाणी झिरपतं, बाहेरून वाफ होऊन उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. कूलिंग टॉवर म्हणजे हाच माठ, फक्त अवाढव्य. गरम पाणी वर नेऊन नोझलमधून फवारतात. ते प्लास्टिकच्या जाळीवजा थरांवरून खाली येतं. या थरांना 'फिल' म्हणतात. फिलमुळे पाणी पातळ पसरतं, पंखा हवा ओढतो, थोडं पाणी उडून जातं आणि बाकीचं गार होऊन खालच्या हौदात पडतं. तिथून पंप ते पुन्हा आत पाठवतो. जुन्या कारखान्यांत टॉवरऐवजी स्प्रे पाँड असतो. मोठ्या तळ्यावर कारंजी उडताना तुम्ही रस्त्यावरून पाहिलीच असतील. काम तेच.

आता हे गार पाणी लागतं कशाला? पाणी उघड्यावर १०० अंशाला उकळतं. उसाचा रस इतक्या तापमानाला आटवत बसलं तर साखर काळी पडते, काही साखर तर मोडून जाते. म्हणून पॅनमधली हवा ओढून व्हॅक्यूम करतात, साधारण २५-२६ इंचांचा. मग रस साठ-पासष्ट अंशालाच उकळतो. पॅनमधून निघालेली वाफ गार पाण्याच्या फवाऱ्याने झटकन थिजवली, तरच तो व्हॅक्यूम टिकतो. फवाऱ्याचं पाणीच कोमट असेल तर वाफ पुरती थिजत नाही, व्हॅक्यूम पडतो, एक पॅन उतरायला जास्त वेळ लागतो. पॅन थांबलं की मागे रस तुंबतो, रस तुंबला की मिल हळू करावी लागते, मिल हळू झाली की गव्हाण थांबते. आणि गव्हाणीच्या मागे कोण उभं असतं? आपली ट्रॉली.

को-जन वीज प्रकल्पाचं गणितही असंच आहे. टर्बाईनमधून बाहेर पडलेली वाफ थिजवायला गार पाणी लागतं. पाणी गरम तर तेवढ्याच वाफेत वीज कमी. विकायची वीज कमी म्हणजे कारखान्याचं उत्पन्न कमी, आणि उत्पन्न कमी झालं की पहिलं बिल कोणाचं लांबतं ते मी सांगायला नको.

मे महिन्यापेक्षा जुलैमध्ये पाणी गरम

ऐकायला उलटं वाटेल, पण खरं आहे. आपल्या घरचा माठ मे महिन्यात दात शिवशिवतील असं पाणी देतो, आणि जुलैत तोच माठ नुसता घामट बसतो. कारण मे महिन्यात हवा कोरडी असते, पाणी भराभर उडतं. पावसाळ्यात हवाच ओली, मग पाणी उडणार कुठं?

आकड्यात बघा. मे महिन्यात दुपारी ४२ अंश तापमान आणि हवेत २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर साधारण २४ अंश दाखवतो. जुलैत २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर तोच थर्मामीटर २६-२७ अंश दाखवतो. कूलिंग टॉवर कितीही चांगला असला तरी या ओल्या थर्मामीटरच्या खाली पाणी गार करू शकत नाही. म्हणजे बाहेर गारवा वाटत असताना टॉवरवरचा ताण वाढलेला असतो.

साखरेचा हंगाम थंडीत असल्यामुळे हा मुद्दा साखरेला कमी लागतो. पण डिस्टिलरीला लागतो. इथेनॉलमुळे आता बऱ्याच डिस्टिलऱ्या साठवलेल्या मळीवर हंगामानंतरही चालतात. फताटेवाडीचा एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प तर बारमाही आहे, आणि तो उजनीच्या पाण्यावर चालतो. अशा ठिकाणी टॉवरला बंद हंगाम असा मिळत नाही. एक एक भाग आळीपाळीने बंद ठेवून काम उरकावं लागतं, आणि जे काही करायचं ते पाऊस लागायच्या आत.

आपल्या ड्रिपचीच गोष्ट

टॉवर खराब होतो कशानं, हे ड्रिपवाल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार. वर्षभर ड्रिप चालवली की तोट्यांच्या तोंडाला पांढरा खडा बसतो. मग आपण ॲसिड सोडतो, फ्लश करतो, फिल्टर धुतो. नाही केलं तर निम्म्या उसाला पाणी आणि निम्मा ऊस वाळतोय.

टॉवरमध्ये तेच, पण जास्त जोरात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. बासुंदी आटवतो तसं ते पाणी आटत आटत खारट होत जातं. नोझल चोंदतात, फिलवर खार चढतो, फिल जड होऊन खाली बसतं. त्यात ऊन आणि ओल, त्यामुळे शेवाळ. त्यात हवेतली धूळ आणि बगॅसचा भुसा. हे सगळं मिळून हौदाच्या तळाला गाळ साचतो.

साखर कारखान्यात आणखी एक गोष्ट होते. पॅन जोरात उकळलं की वाफेबरोबर रसाचे थेंब उडतात आणि थेट गार पाण्यात मिसळतात. पाणी गोड होतं. गोड पाणी म्हटल्यावर जंतूंची मेजवानीच. पाणी आंबतं, बुळबुळीत थर चढतो, स्प्रे पाँडच्या बाजूने जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो. आपल्याला वाटतं कारखाना म्हटल्यावर वास येणारच. पण पाँडच्या पाण्याचा असा वास सतत येत असेल तर समजायचं, आपल्या उसातली साखर पोत्यात जायच्या ऐवजी पाण्यात चाललीय.

याची किंमत काय? २०२५-२६ हंगामासाठी केंद्राने एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरवली, आणि त्यापुढे उतारा ०.१ टक्का वाढला किंवा घटला की ३ रुपये ४६ पैशांचा फरक. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. उतारा घटण्याची कारणं अनेक असतात, सगळं खापर टॉवरवर फोडता येणार नाही. पण पाण्यात जाणारी साखर हे त्यातलं एक कारण आहे, आणि ते आटोक्यात ठेवता येण्यासारखं आहे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत या पाण्यातली साखर तपासायची सोपी चाचणी असते. ती रोज होते का, आणि त्याची नोंद कुठं राहते, हे विचारायला हरकत नाही.

एफआरपीवरून आठवलं. टॉवरच्या पंख्याची पातीही बऱ्याचदा 'एफआरपी'चीच असतात. पण ती एफआरपी म्हणजे फायबर. त्या पात्यांना तडा गेला तरी कोणी आंदोलन करत नाही, एवढाच फरक.

कोणत्या महिन्यात काय व्हायला पाहिजे

तात्या आणि दोन-तीन फिटर मंडळींशी बोलून जे समजलं ते महिन्यांप्रमाणे मांडतो.

मार्च-एप्रिल, म्हणजे हंगाम संपल्या संपल्या: पहिलं काम धुण्याचं. ओलं आहे तोवर गाळ आणि शेवाळ निघतं. एकदा वाळलं की त्याचा दगड होतो, मग घासताना फिलच फाटतं. जेवण झाल्यावर भांडं लगेच घासलं तर सोपं, दुसऱ्या दिवशी घासायचं म्हटलं तर काथ्या झिजतो, तसंच हे. हौद रिकामा करताना ते पाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्रातच गेलं पाहिजे, ओढ्यात नाही.

एप्रिल-मे: कोरडी कामं. पंखा उतरवून पाती तपासणं, गिअर बॉक्सचं तेल बदलणं, बेअरिंग, शाफ्टची रेषा, गंजलेले बोल्ट, हौदाच्या भिंतीच्या भेगा, चोंदलेले नोझल, फाटलेलं फिल. फिल फाटलं म्हणून काढलं आणि जागा तशीच मोकळी सोडली तर हवा त्या मोकळ्या जागेतूनच पळते आणि शेजारचं चांगलं फिलही निम्म्यानं काम करतं. म्हणून काढलं तेवढं बसवलंच पाहिजे.

या काळात एक मोठा धोका असतो, आगीचा. पाण्याचा टॉवर जळेल कसा, असं वाटतं. पण चालू टॉवर ओला असतो. बंद पडलेला टॉवर मे महिन्याच्या उन्हात वाळून कोळ झालेला असतो. आत प्लास्टिकचं फिल, कुठं लाकूड, कुठं फायबर. अशा वेळी वर वेल्डिंग किंवा गॅस कटिंगची एक ठिणगी पडली की बघता बघता सगळं पेटतं. म्हणून वेल्डिंग करायचं तर खाली फिल ओलं ठेवायचं, शेजारी पाण्याचा पाईप आणि एक माणूस उभा ठेवायचा.

मे अखेर, वळवाच्या आधी: उतरवलेला किंवा सैल सोडलेला पंखा बांधून ठेवणं, मोटारींना झाकण, विजेपासून संरक्षणाची तार जागेवर आहे का ते पाहणं, आणि हौदाभोवतीच्या चाऱ्या उकरणं. पावसाचं पाणी आणि कारखान्याचं पाणी वेगवेगळ्या वाटेनं गेलं पाहिजे. ते एकत्र झालं की हौद भरून वाहतो आणि सगळी घाण शेजारच्याच्या रानात जाते.

जून ते सप्टेंबर: बंद टॉवरच्या हौदात पाणी साचून द्यायचं नाही, नाहीतर डासांची पैदास. गिअर बॉक्स अधूनमधून हाताने फिरवायचा, म्हणजे तेल सगळीकडे लागतं, गंज धरत नाही. जे टॉवर पावसाळ्यातही चालू असतात त्यांना नदी-कालव्याचं गढूळ पाणी येतं. तिथं फिल्टर जास्त वेळा धुवावा लागतो, जंतुनाशकाचा डोस तपासावा लागतो.

ऑक्टोबर: मोटारींची ओल तपासून मगच बटण दाबायचं. नंतर टॉवर पाण्यावर दोन दिवस चालवून बघायचा. प्रत्येक नोझल उडतं का, पंखा थरथरतो का, गळती कुठं आहे. बॉयलर पेटवण्याआधी हे झालं तर चूक दुरुस्त करायला वेळ राहतो. मोळी टाकल्यावर चूक सापडली तर ती आपल्या उसावर दुरुस्त होते.

गेल्या वर्षी पावसानं वेळापत्रकच मोडलं

हे सगळं आता का लिहितोय? कारण वर दिलेलं वेळापत्रक जुन्या पावसाचं आहे. २०२५ साली काय झालं आठवा. मे महिन्यातच पाऊस धो धो लागला. २४ मे रोजी मान्सून केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत. म्हणजे कोरड्या कामाचा हक्काचा मे महिना हातचा गेला. नंतर सप्टेंबरात सीना नदीनं माढा, करमाळा, मोहोळ भागात काय केलं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. ऊस पाण्यात, घरं पाण्यात, रस्ते बंद. आणि राज्यात गाळपाला १ नोव्हेंबरपासून परवानगी. म्हणजे सुरुवातीचा महिना पावसानं खाल्ला आणि शेवटचाही. पुराचं पाणी जिथं शिरलं तिथं तर गाळ, मोटारी, केबल हे सगळं नव्यानं बघायचं काम वाढलं.

दरवर्षी असंच होईल असं मी म्हणत नाही. पण मे महिना कोरडा मिळेलच या भरवशावर आता बसता येणार नाही. आपण शेतकऱ्यांनी पेरणीच्या तारखा बदलल्या, मशागत लवकर करायला लागलो. कारखान्यांनीही टॉवरची कामं मार्च-एप्रिललाच अंगावर घेतली पाहिजेत. सामानाची ऑर्डर हंगाम चालू असतानाच गेली पाहिजे.

कारखान्याचीही बाजू आहे

एका बाजूनं लिहिणं बरं नाही. कारखान्याच्या लोकांशी बोललं की तीच अडचण ऐकायला मिळते. हंगाम संपतो तेव्हा तिजोरी रिकामी असते. उसाचं बिल तोडणीनंतर १४ दिवसांत द्यायचं बंधन, बँकेचे हप्ते, तोडणी-वाहतुकीची देणी, कामगारांचे पगार. मग दुरुस्तीच्या यादीला कात्री लागते. मिल आणि बॉयलरला हात लावता येत नाही, कारण तिथं बिघाड झाला तर कारखानाच बंद. टॉवरचं तसं नाही. टॉवर निम्मा खराब असला तरी कारखाना चालतो, फक्त रडत रडत चालतो. म्हणून कात्री त्याच्यावर चालते.

पण हिशोब उलटा आहे. मिल बंद पडली की सगळ्यांना दिसतं, ताबडतोब धावपळ होते. टॉवरमुळे मात्र रोज थोडं गाळप कमी, थोडी वीज कमी, थोडी साखर पाण्यात, असं अख्खा हंगाम चालतं. ते कोणाच्या डोळ्यावर येत नाही. शेवटी हंगाम लांबतो, फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात ऊस वाळतो, तोडणी टोळ्या गावाकडं निघतात आणि शेवटचा नंबर असलेला शेतकरी फड पेटवून द्यायला तयार होतो.

पाणी किती लागतं, ओढ्यात किती जातं

आता पाण्याचा हिशोब. समजा एका मध्यम वीज प्रकल्पाच्या टॉवरमधून तासाला ५००० घनमीटर पाणी फिरतं आणि ते ८ अंशांनी गार होतं. तर त्यातलं साधारण सव्वा टक्क्याच्या आत-बाहेर, म्हणजे तासाला ६० हजार लिटर पाणी वाफ होऊन जातं. दिवसाला १४ लाख ४० हजार लिटर. हे टाळता येत नाही, पाणी गार होण्याची तीच किंमत आहे.

पण दुसरा खर्च टाळता येतो. क्षार फार वाढू नयेत म्हणून थोडं खारट पाणी सतत बाहेर सोडून नवं पाणी घ्यावं लागतं. याला ब्लोडाऊन म्हणतात. पाण्याची तपासणी आणि प्रक्रिया नीट नसेल आणि क्षार दुप्पट झाल्यावरच पाणी सोडून द्यावं लागत असेल, तर वाफ होते तेवढंच, म्हणजे आणखी १४ लाख ४० हजार लिटर रोज बाहेर जातं. तेच क्षार चौपट होईपर्यंत पाणी सांभाळता आलं तर फक्त ४ लाख ८० हजार लिटर सोडावं लागतं. फरक रोज ९ लाख ६० हजार लिटरचा. उन्हाळ्यात गावात टँकर फिरतो तेव्हा हा आकडा आठवून बघा. २०१५ मध्ये परळीच्या औष्णिक केंद्राचे संच पाण्याअभावी बंद ठेवायची वेळ आली होती. पाणी संपलं की टॉवर आहे तिथंच उभा राहतो, हे मराठवाड्यानं पाहिलंय.

ओढ्याबाबत नियमही स्पष्ट आहे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं जानेवारी २०१६ मध्ये साखर कारखान्यांसाठी जे निकष काढले त्यात स्प्रे पाँडचं ओसंडणारं पाणी किंवा टॉवरचं ब्लोडाऊन, टन उसामागे १०० लिटरपेक्षा जास्त सोडता येत नाही. आणि कारखान्याचं पाणी बाहेर पडायची वाट एकच पाहिजे. म्हणजे रोज ५००० टन गाळणाऱ्या कारखान्याला दिवसाला जास्तीत जास्त ५ लाख लिटर. तुमच्या शिवारात दोन-तीन ठिकाणांहून कोमट, फेसाळ, वासाचं पाणी येत असेल, ओढ्याच्या काठावर पांढरा थर दिसत असेल तर ते तपासण्याजोगं आहे. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा, शक्य तर पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीच्या समोर घ्या आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयाला लेखी द्या. नुसतं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवून काही होत नाही.

वर चढणारा पोरगा आपलाच

या कामाची आणखी एक बाजू आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. टॉवरवर चढणारा, हौदात उतरणारा माणूस बहुतेक वेळा ठेकेदाराचा असतो. आपल्याच वाडी-वस्तीवरचा पोरगा, रोजंदारीवर. वर गंजलेली शिडी, खाली बुळबुळीत हौद. कमरेला पट्टा नाही. कोणीतरी चुकून पंख्याचं बटण दाबलं तर? म्हणून काम चालू असताना मोटारीचा स्विच बंद करून त्याला कुलूप पाहिजे आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात पाहिजे. खोल, झाकलेल्या हौदात उतरायचं तर आधी हवा तपासायची. कुजलेल्या गाळातून विषारी वायू निघतो. एक बेशुद्ध पडला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. विहिरीत, शौचालयाच्या टाकीत असं झाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. कोमट, घाण पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो. त्याच्या बारीक तुषारातून तो फुप्फुसात गेला तर न्यूमोनियासारखा गंभीर आजार होतो. न्यूयॉर्कसारख्या शहरात २०१५ मध्ये एका कूलिंग टॉवरमुळे शंभरावर लोक आजारी पडले, काही दगावले, आणि मग तिथं प्रत्येक टॉवरची नोंदणी व तपासणी सक्तीची झाली. आपल्याकडे टॉवर धुणाऱ्या पोराच्या तोंडाला गमछा असतो. गमछ्यानं धूळ थांबते, हे तुषार थांबत नाहीत. चांगला मास्क, हातमोजे, आणि पाण्याच्या जोराच्या पाईपनं धुण्याआधी जंतुनाशक टाकणं, एवढं तरी झालंच पाहिजे. टॉवर धुतल्यावर आठ-दहा दिवसांत ताप, खोकला, दम लागला तर दवाखान्यात डॉक्टरांना सांगा की मी कूलिंग टॉवरवर कामाला होतो.

आणि मे महिन्याचं ऊन. पत्र्यावर आणि फायबरवर चढून दुपारी काम करवून घेणं हा गुन्हाच समजायला पाहिजे. सकाळी सहा ते अकरा, नंतर संध्याकाळी.

सभासद म्हणून काय विचाराल?

सहकारी कारखान्याची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. आपण सभेला जातो, भावावर बोलतो, घोषणा देतो, चहा-नाश्ता करून येतो. यंदा भावाबरोबर हेही विचारा. शक्यतो आधी लेखी द्या, म्हणजे उत्तर द्यावं लागतं.

१. टॉवर किंवा स्प्रे पाँड शेवटचा पूर्ण रिकामा करून कधी धुतला?

२. गेल्या हंगामात व्हॅक्यूम कमी मिळाल्यामुळे गाळप किती तास हळू किंवा बंद राहिलं?

३. गार पाण्यात साखर सापडल्याच्या नोंदी किती, आणि त्यावर काय केलं?

४. दुरुस्तीच्या मंजूर खर्चातला टॉवरवर किती, आणि प्रत्यक्ष किती खर्च झाला?

५. टन उसामागे किती पाणी बाहेर सोडलं, त्याचं मीटर आहे का?

६. ठेकेदाराच्या कामगारांचा विमा आणि सुरक्षेचं साहित्य कोणाची जबाबदारी आहे?

खासगी कारखाना असेल तर तुम्ही सभासद नाही, पण ऊस तुमचा आहे. गट ऑफिसला शेती अधिकारी ऊस नोंदीला येतात तेव्हा विचारा. ग्रामसभेत ठराव घेऊन पाण्याची माहिती मागता येते.

उत्तर लगेच मिळेल असं नाही. पहिल्या वर्षी हसतीलही. पण प्रश्न दोन वर्षं विचारला गेला की चीफ इंजिनिअरला संचालकांकडे पैसे मागायला बळ येतं. तात्या हेच म्हणाले. त्यांच्या नोकरीच्या काळात टॉवरची फाईल दरवर्षी वर जायची आणि 'पुढच्या वर्षी बघू' असा शेरा घेऊन खाली यायची. सभासदांकडून एकदा जरी प्रश्न आला असता तर आमचं काम सोपं झालं असतं, असं ते म्हणतात.

आता रोलर पूजनाचे फोटो तुमच्याही ग्रुपवर येतील. फोटोखाली अभिनंदन जरूर लिहा. आणि त्याच्याखाली एक ओळ लिहा, "टॉवर धुतला का?"